पडलेला बेदाणा

घर भाड्याने देणारा माणूस नोकरी कायम आहे का, घरात माणसे किती आणि पाहुणे फार येतात का, एवढे तरी विचारतोच. आष्ट्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाले तेव्हा या प्रश्नांची उत्तरे मी तयार ठेवली होती. त्यांतले एकही कामाला आले नाही. माझ्या भावी घरमालकांनी आधी पायरीवर आडव्या पसरलेल्या तांबूस कुत्र्याला म्हटले, "सभापती, जरा सरकून बसा. बाई आल्यात." सभापती सरकले. मग ते माझ्याकडे वळले.

"बाई, मटण खाता?"

"खाते. पण तुमच्या घरात शिजवणार नाही."

"शिजवायचं तर न्हाईच. आमी जैन हाय. मी इचारतोय ते येगळंच. बाहेर जेवला, की हाडकं कुठं टाकता?"

असा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. "ताटात," मी म्हणाले.

"आनि ताट उचललं, की तुमची जबाबदारी संपली. आसंच ना? तितनंच समदा घोळ सुरू हुतो."

या उत्तरावर मी नापास झाले असे मला वाटले होते. परंतु मागच्या बाजूच्या दोन खोल्या मला मिळाल्या. खोटे बोलले नाही एवढ्याच गुणावर त्या दिल्या, असे त्यांनी पुढे कधीतरी सांगितले.

गाव त्यांना अण्णा म्हणत असे. सत्तरीच्या आसपासचे, उंच, काठीसारखे सरळ. पांढरा सदरा आणि त्या सदऱ्याच्या खिशावर एक कायमचा पिवळसर डाग. तो डाग बेदाण्याचा होता. अण्णांचा बेदाण्याचा व्यापार होता आणि खिशात चार दाणे असल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. भेटेल त्याच्या तळहातावर दोन दाणे ठेवत. त्यांच्या बोलण्याची रीत मात्र समजून घ्यायला मला वेळ लागला. माणूस कितीही मोठा असला तरी ते त्याला अरे-तुरे करीत, आणि कुत्रे कितीही खरजुले असले तरी त्याला अहो-जाहो. आम्हा शिक्षिकांना तेवढी सूट होती. एकदा नगराध्यक्ष दारात उभे असताना त्यांना "थांब रं जरा" म्हणून अण्णा आत गेले ते सभापतींचे पाणी बदलायला. मी कारण विचारले, तर म्हणाले, "मानसाला राग आला तर तो बोलून दावतो. ह्यांना कुठं बोलता येतंय? मान आधीच दिलेला बरा."

उन्हाळा लागला, की अण्णांचा खरा कार्यकाळ सुरू होई. आमच्या भागात चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा असतात आणि जत्रेचे जेवण घराच्या मागच्या परड्यात शिजते. दगडांच्या चुली, त्यांवर मोठाली पातेली, वर ताडपत्री, खाली सतरंज्या, आणि आजूबाजूला गल्लीतली सगळी कुत्री. घरची असोत वा दारची, त्या दिवशी ती एकाच पंगतीची असतात. जावळ असो, कुणी फौजेतून सुट्टीवर आलेला असो, रविवार आला की कुठे ना कुठे धूर निघे. आणि जिथे धूर, तिथे अण्णा. मटणाला आयुष्यात हात न लावलेला हा मनुष्य मटणाच्या प्रत्येक जेवणाला सर्वांच्या आधी हजर असे.

ते एकटे येत नसत. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात दुधाची जुनी किटली, घट्ट झाकणाची. खांद्यावरच्या पिशवीत स्वतःचा दहीभाताचा डबा, कारण दिवस मावळल्यावर ते जेवत नसत. मागून सभापती. आल्याबरोबर अण्णा एक प्लास्टिकची खुर्ची ओढून चूल आणि पंगत यांच्या मधोमध मांडत, किटलीचे झाकण उघडत, आणि जाहीर करत: "हाडूक हितं. दुसरीकडं कुठंबी न्हाई."

लोक थट्टा करत. "अण्णा, खात तर न्हाईसा, आनि पैल्या नंबरात?"

"जेवायला कोन आलंय? मी हजेरी घ्यायला आलोय."

त्यांचे नियम ऐकताना प्रथम हसू येई; नंतर विचार केला, की त्यांत फारसे काही चुकीचे सापडत नसे. कच्च्या हाडाला थोडी लवचिकता असते. शिजले, की ते ठिसूळ होते आणि चावताना त्याचे अणकुचीदार तुकडे पडतात. असा तुकडा घशात किंवा आतड्यात रुतला, की मुक्या जीवाला सांगताही येत नाही. रश्शात कांदा, लसूण आणि मीठ भरपूर. कुत्र्याला त्यांतले काहीच सोसत नाही. म्हणून उरलेला रस्सा जमिनीवर ओतायचा नाही. पेटलेल्या चुलीपेक्षा विझलेली चूल वाईट, हे तर ते दर वेळी सांगत. पेटलेली दिसते; विझलेलीत राखेखाली निखारा असतो आणि कुत्रे ऊब-गारव्याचा विचार न करता वास घेत थेट राखेत पाय घालते. पंगत उठली, की अण्णा स्वतः प्रत्येक चुलीत घागरभर पाणी ओतत. दुपारच्या जेवणाला ते लिंबाच्या सावलीत फुटक्या माठाची खापरे पाण्याने भरून ठेवत, आणि कोणाची जीप हलण्याआधी वाकून खालची सावली तपासत. "आत कोन झोपलंय का बग आदी. मग लाव किल्ली."

सगळ्यांत गाजलेला प्रसंग सुभेदारांच्या परड्यातला. सुभेदार म्हणजे आमचे शेजारी. मधे फक्त मेंदीचे कुंपण. आयुष्य सैन्यात काढून आलेले, भरघोस मिशा, खणखणीत आवाज. त्यांच्या नातवाचे जावळ होते. कडेगावकडचे व्याही आलेले, पंगत ऐन रंगात, आणि खुद्द सुभेदारांनी एक नळी चोखून सभापतींसमोर टाकली. सभापतींनी ती उचलण्याआधी अण्णा खुर्चीवरून उठले आणि हाडावर चपलेसकट पाय देऊन उभे राहिले.

"सुभेदार, उचल ते."

व्याह्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"अण्णा, माझं परडं, माझी पंगत, माझं व्याही बसल्यात समोर..."

"व्याही बगत्यात म्हणूनच म्हणतोय. उचल आनि किटलीत टाक."

"आवं, कुत्रंच हाय ते. हाडूक खाणार न्हाई तर काय खाणार? बेदाणं?"

"व्हय. बेदाणं. घालायचंच आसलं तर बेदाणा घाल. त्यानं कुनाचं वाईट झाल्यालं मी बगितलं न्हाई."

सुभेदारांनी ज्या नजरेने सीमेवर पहारे दिले असतील, त्या नजरेने ते अण्णांकडे काही वेळ पाहत राहिले. मग पंगतीतून उठले, वाकले, हाड उचलून किटलीत टाकले. झाकण लागल्याचा आवाज सर्वांनी ऐकला. दुसऱ्या दिवशी ते मला कुंपणावरून म्हणाले, "बाई, पलटनीत कर्नलनं मला कवा वाकवलं न्हाई." त्यांच्या स्वरात राग होता, आणि थोडे कौतुकही असावे.

अण्णांचे बेदाण्याविषयीचे मत एका व्यापाऱ्याचे मत म्हणून सोडून देता येण्यासारखे नव्हते. ती त्यांची श्रद्धा होती. एकदा त्यांच्याबरोबर मी तासगावकडे बेदाण्याचा सौदा पाहायला गेले होते. सौद्यात माल बघताना व्यापारी मुठी भरून घेतात, दोन दाणे तोंडात टाकतात, बाकीचे तसेच खाली सोडतात; घटकाभरात पायांखाली हिरवट-पिवळा सडा पडतो. शेतकरी त्या सड्याकडे पाहत उभा असतो. अण्णा मात्र मूठ कधी भरत नसत. बोटांच्या चिमटीत दोनच दाणे घेत. तरीही एखादा खाली पडलाच, तर तो उचलत नसत आणि कोणाला उचलूही देत नसत.

"पडलेला बेदाणा आपला न्हवं," ते म्हणाले. "तो मुक्या जित्राबांचा. माझ्या बापानं लावलेला शिरस्ता हाय."

त्यांच्या घरातही हाच शिरस्ता होता. खिशातून दाणा घरंगळला, की अण्णा थांबत, सभापती तो टिपत, मग दोघे पुढे जात. किती वर्षे हे चालले होते, कोण जाणे. कुत्र्याला त्रास झाल्याचे कोणी पाहिले नव्हते. आणि विज्ञान शिकवणारी मी, माझ्याही वाचनात त्याविरुद्ध काही आले नव्हते.

बेदाण्याचा हंगाम आटोपला, की अण्णा वर्षातून एकदा स्वतःच्या परड्यात जेवण घालत. माझ्या तिसऱ्या उन्हाळ्यातले ते जेवण मला बारकाव्यांसह आठवते. ऊन उतरायच्या आत पंगत बसवायची म्हणून दुपारपासून काहिलीत खपली गव्हाची हुग्गी रटरटत होती: गूळ, खोबरे, वेलदोडा, आणि मूठ सैल सोडून घातलेला बेदाणा. शिवाय टोपल्यांत सुटा बेदाणा, हवा तेवढा घ्या. त्या दिवशी अण्णांकडे पाहून मला नवल वाटले. खुर्ची नाही, किटली नाही. सभापतींच्या गळ्यात धुतलेला पट्टा होता आणि ते यजमानाच्या तोऱ्यात पंगतीमधून फिरत होते.

"अण्णा, आज हजेरी न्हाई?" सुभेदारांनी विचारले.

"आज कसली हजेरी? आमच्या घरात हाडूक न्हाई, कांदा न्हाई, लसूण न्हाई. आज त्यास्नी मोकळीक."

आता पाहा, अण्णांचे नियम गावाने कधी मनापासून पाळले नव्हते. पाठ वळली, की एखादे हाड इकडे-तिकडे जाई. पण त्या दिवशी, यजमानाचा मान म्हणून, सगळे गाव शिस्तीने वागले. सभापती ज्याच्या पुढे थांबतील, तो टोपलीतून चार दाणे घेई आणि अदबीने खाली टाकी. "घ्या सभापती, तुमचा वाटा." पुढचाही टाकी. त्याच्या पुढचाही. म्हातारी माणसे टाकत होती, लेकुरवाळ्या बाया टाकत होत्या. सुभेदारांनी तर उभे राहून ओंजळभर टाकले आणि अण्णांकडे पाहून म्हणाले, "बगा, ऐकलं का न्हाई तुमचं?"

अण्णांचे डोळे भरून आले होते. "शानं झालं गाव," ते मला म्हणाले.

सकाळी सभापती पायरीवर नव्हते. लिंबाखाली, मातीला पोट लावून पडले होते, आणि जवळ त्यांनी ओकलेले होते. अण्णांनी काडीने ती ओकारी चाळून पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती माझ्यासमोर विरघळली.

"हाडूक न्हाई, बाई. बेदाणंच हायत नुस्तं. फुगल्यात."

त्यांना वाटले, उन्हाने अशक्तपणा आला आहे. अशक्तपणावर त्यांच्याकडे एक खात्रीचा उपाय होता: वाटीत भिजवलेला बेदाणा. ते वाटी घेऊन वाकले. सभापतींनी मान फिरवली. ते पुन्हा समोर गेले. सभापतींनी पुन्हा मान फिरवली.

"असं कवाच करत न्हाईत," अण्णा म्हणाले. मग त्यांनी संशयाने कुंपणापलीकडे पाहिले. "सुभेदार! काल माझ्या माघारी काय घातलंस ह्यांना? खरं सांग!"

सुभेदार दात घासत बाहेर आले. त्यांनी सभापतींकडे एकदाच पाहिले आणि भांडण न करता गाडीची किल्ली आणायला आत गेले.

सांगलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनीसारख्या दिसत होत्या. त्यांनी विचारले, काय खाल्ले? अण्णांनी निवेदन सुरू केले: हाडूक न्हाई, रस्सा न्हाई, कांदा न्हाई, लसूण न्हाई, चूल गार केलेली, पाणी सावलीत.

"आजोबा, काय नाही खाल्लं ते कळलं. खाल्लं काय?"

"हुग्गी. थोडीच. आनि बेदाणा."

डॉक्टरांचा हात थांबला. "बेदाणा किती?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिले, सुभेदारांकडे पाहिले. "गावजेवण हुतं," ते म्हणाले.

द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषासारखा लागू शकतो, हे डॉक्टरांनी शांतपणे, पाठ समजावावा तसे समजावले. सगळ्याच कुत्र्यांना सारखा बाधत नाही. एखादे बरेच खाऊन तरून जाते, एखादे थोड्याशानेही दगावते. अमुक इतका चालतो, असे कोणीच सांगू शकत नाही. रोजचे दोन-चार दाणे आजवर निभावले, ते नशीब. कालचा मारा मोठा आहे. सलाईन लावू, रक्त तपासत राहू. लघवी होत राहिली तर आशा आहे. थांबली तर अवघड.

अण्णा बाकावर बसले. खिशात हात घातला, बाहेर काढला, तळहातावरच्या चार दाण्यांकडे पाहिले, आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. खाली टाकणे शक्य नव्हते. मी हात पुढे केला. त्यांनी ते माझ्या हातावर ठेवले.

"बाई, मी लोकांस्नी घरोघर जाऊन सांगितलं," ते म्हणाले. "कुनी ऐकत नव्हतं तवा ह्यांचं बरं चाललं हुतं."

मी ते दाणे रुमालात बांधून ठेवले.

पुढचे दिवस अण्णा दवाखान्यातच होते. सुभेदार रोज दिवस मावळायच्या आत डबा पोचवत. गावातून फोन येत, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच. जत्रा कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे एरवी वर्गणी आणि तमाशाची चर्चा चाले, तिथे प्रतिष्ठित मंडळी सकाळ-संध्याकाळ विचारत होती: "सभापतींना लघवी झाली का?" ग्रुपवर अनेक भागांतले लोक होते. आटपाडीच्या एका सद्गृहस्थांनी गैरसमजाने खऱ्या सभापतींच्या घरी चौकशीचा फोन केला, असेही ऐकिवात आले.

होत होती, थोडी-थोडी. एका दिवशी जवळजवळ नाहीच, त्या दिवशी अण्णांनी डबा उघडला नाही. मग रक्ताचे आकडे उतरू लागले आणि एका सकाळी डॉक्टर म्हणाल्या, थोडे बाहेर फिरवून आणा. मी शाळेला रजा टाकून गेले होते, म्हणून हे मी पाहिले आहे. सभापती लटपटत अंगणात आले. सुभेदारांची गाडी, जी ते रोज पुसत आणि जिला टेकून कोणी उभे राहिले तरी त्यांना खपत नसे, तिथेच उभी होती. सभापतींनी पुढचे चाक हुंगले, मागचा पाय कष्टाने उचलला, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

आम्ही तिघे श्वास रोखून उभे.

"होऊ द्या," सुभेदार हळू आवाजात म्हणाले. "सावकाश होऊ द्या, सभापती." त्यांनी कुत्र्याला अहो म्हटल्याचे मी प्रथमच ऐकले.

चाक भिजले, आणि अण्णा गाडीच्या बॉनेटवर डोके टेकून रडले. सुभेदारांनी त्यांना टेकू दिले.

त्यानंतर अण्णांनी काय बदलले? नियम सोडले असतील असे कोणाला वाटत असेल, तर त्याने अण्णा पाहिलेच नाहीत. पावसाळाभर ते घरोघर पुन्हा फिरले आणि आधी दिलेला सल्ला शब्दशः परत घेतला. कोणी समजूत घालू लागले, "जाऊ द्या अण्णा, तुमाला कुठं ठावं हुतं," तर ते त्यालाच रागावत. "ठावं नव्हतं, तर एवढ्या मोठ्यानं सांगत कशापायी हुतो?" व्यापार चालूच राहिला. सदऱ्यावरचा डाग मात्र धुता-धुता फिकट झाला, कारण खिसा आता रिकामा असे. सभापती सवयीने त्या खिशाला नाक लावत. अण्णा खिसा उलटा करून त्यांना दाखवत, आणि दोघे पुढे जात.

पुढच्या उन्हाळ्यात हंगाम आटोपल्यावर अण्णांच्या परड्यात पुन्हा जेवण होते. या वेळी खुर्ची होती. किटली होती. हुग्गीत बेदाणा होता, कारण पाहुण्यांना हुग्गी तशीच लागते. सुट्या बेदाण्याच्या टोपल्या मात्र नव्हत्या. सभापतींना लिंबाखाली पाण्याच्या खापरापाशी बांधले होते, लांब दोरीने. वाढायला मी होते. अण्णांना दिवस मावळायच्या आत जेवायचे होते, म्हणून त्यांच्या पानात मी सर्वांत आधी वाढले. पहिलाच घास तोंडाकडे नेताना दोन फुगलेले बेदाणे बोटांतून निसटले आणि सतरंजीच्या कडेला, मातीत पडले.

सभापतींनी कान टवकारले. दोरी ताणली गेली.

अण्णा त्या दाण्यांकडे पाहत राहिले. पडलेला बेदाणा त्यांनी आजवर उचलला नव्हता. बापाने लावलेला शिरस्ता होता तो. पंगतीतले सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

समोरच्या रांगेतून सुभेदार म्हणाले, "अण्णा, उचला ते."

"उचलतोय रं," अण्णा म्हणाले. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, सावकाश वाकले, आणि एकेक दाणा मातीसकट चिमटीत घेऊन किटलीत टाकला. माती चाचपून तिसरा नाही याची खात्री करून घेतली. मग झाकण लावले.

"बाई," ते म्हणाले, "सुभेदारला हुग्गी वाढा. भुकेला हाय त्यो."